सिगर्ड ड्रीव्हरची सही

सिगर्ड ड्रीव्हरने माझा नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर चढवला आणि चहाचा मग नेमका नकाशातल्या किनाऱ्यावर ठेवला.

"नकाशा देखणा आहे," तो म्हणाला. "अक्षरही सुरेख आहे तुमचं."

"मग इथे खाली सही करा. फुलीच्या खुणेपाशी."

"सही मी करणार नाही."

मी हसलो. मला वाटलं, गंमत चालली आहे. त्या बेटावरची माणसं गंमत करतानाही मयताला आल्यासारखा चेहरा ठेवतात आणि खरं बोलतानाही चेहरा तोच असतो. बाहेरून आलेल्याची त्यामुळे फार पंचाईत होते.

"का नाही करणार?"

"नकाशात चूक आहे."

"कुठे?"

"सर्व्हेअर तुम्ही की मी?" म्हाताऱ्याने चहाचा मग उचलून एक घोट घेतला. किनाऱ्यावर गोल तपकिरी डाग उमटला होता. "आज मंगळवार. तुमचं केबलचं जहाज शुक्रवारी येणार. सापडेल तुम्हाला. तरुण आहात, डोळे चांगले आहेत."

ही गोष्ट चौतीस वर्षांपूर्वीची. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे समुद्रात ऑर्कनी नावाची सत्तरेक बेटं विखुरली आहेत, त्यांतल्या हेलिसे नावाच्या चिमुकल्या बेटावर मी तेव्हा राहत होतो. वस्ती एकशे बारा माणसांची. मेंढ्यांची खानेसुमारी कोणी केली नव्हती. शेजारच्या मोठ्या बेटावरून समुद्राखालून विजेची केबल आणून हेलिसेला जोडायची, हे आमच्या कंपनीचं काम. ती केबल जिथे वर चढणार तिथली मोजणी करून जमीनमालकाची परवानगी मिळवायची, हे माझं. केबल चढणार होती ड्रीव्हरच्या शेतात. शुक्रवारी समुद्र त्या वर्षातल्या मोठ्यातल्या मोठ्या ओहोटीला मागे हटणार होता. तेवढ्या वेळात केबल ओढून घेतली तर ठीक, नाहीतर पुढची तशी ओहोटी थेट सप्टेंबरात.

आणि माझी नोकरी होती सहा महिन्यांच्या अजमावणीवर. मालवणातली सरकारी नोकरी सोडून मी ग्लासगोला शिकायला आलो होतो आणि नशिबाने ही कंपनी मिळाली होती. एडिंबरातले माझे साहेब, मॅकलीश, फार गोड आवाजात फोनवर बोलत. "गुरुवारी संध्याकाळपर्यंत सही मिळाली तर तुम्ही कायम," ते म्हणाले होते. "नाही मिळाली तर एडिंबराला यायची तसदी घेऊ नका. भारताचं विमान लंडनहूनही सुटतं." नोकरी गेली की व्हिसा जाणार, व्हिसा गेला की मी गावी, आणि गावी पारावर बसलेले सगळे विचारणार, काय रे, इतक्यात आलास? त्या एका प्रश्नाला मी मॅकलीशपेक्षा जास्त घाबरत होतो.

हे सगळं चाललं असताना माझ्याबरोबर माझी आई होती. आमचं गाव मालवणजवळचं तोंडवळी. आम्ही गाबीत, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर पोट भरणारे. मी परदेशात काय खातो हे बघायला आई जानेवारीत तीन महिन्यांसाठी आली. पहिल्याच संध्याकाळी तिने ते बघितलं आणि त्यानंतर मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझे गमबूट चढवले, लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, वर माझा जुना स्वेटर घातला आणि बादली घेऊन ओहोटीला किनाऱ्यावर गेली.

हेलिसेच्या वाळूत स्पूट नावाचे लांबट शिंपले मिळतात, न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखे दिसणारे. ते वाळूत उभे रुतलेले असतात. आपल्या पावलाचा दाब जाणवला की खाली दडी मारतात आणि वर पाण्याची बारीक चिळकांडी उडते. सरळ चालणाऱ्याला ती पाठीमागे उडालेली दिसणार नाही. म्हणून तिथली रीत अशी, की मोठ्या ओहोटीला ओल्या वाळूवरून उलटं चालायचं, एक एक पाऊल, नजर समोरच्या वाळूवर ठेवून. चिळकांडी दिसली की झटकन सुरी खुपसून शिंपला वर काढायचा. आईला हे ड्रीव्हरने शिकवलं. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे त्यांचं छान जमलं.

मला मात्र लाज वाटायची. उगाच आडपडदा कशाला ठेवू, खूप वाटायची. मी कंपनीच्या निळ्या जाकिटात, खांद्यावर कोन मोजायचं थिओडोलाइट. आणि समोर माझी आई गमबुटात, लुगडं खोचून, उलट्या पावलांनी समुद्राकडे निघालेली. एकदा जहाजावरचा एक इंजिनिअर पाहणीला आला होता. त्याने विचारलं, "त्या बाई कोण?" मी म्हटलं, "असतील इथल्याच कोणी." हेलिसेवर लुगडं नेसणारी दुसरी बाई शोधून दाखवायला तो मला सांगेल की काय, या धास्तीत मी दुपारभर होतो.

बुधवारी सकाळपासून मी पुन्हा मोजणी सुरू केली. म्हातारा दगडी गडग्याला टेकून उभा.

"सापडली?"

"अजून नाही."

"घाई करू नका. अजून दीड दिवस आहे."

मी कोन मोजले, अंतरं मोजली, गेल्या वेळच्या आकड्यांशी ताडून पाहिली. सगळं बरोबर. शेवटी मला सुचलं की चूक मोजणीत नसेल, मालकीच्या कागदात असेल.

"तुमच्या जमिनीचे कागद दाखवाल का?"

"कसले कागद?"

"मालकीचे. आमच्याकडे सातबारा म्हणून एक उतारा असतो. जमीन कोणाची, किती, वर पीक काय, सगळं त्यात लिहिलेलं असतं."

"माझ्याकडे तसलं काही नाही."

"हरवले?"

"कधी नव्हतेच."

सातबारा नसलेला जमीनमालक मी आयुष्यात प्रथमच बघत होतो. "मग ही जमीन तुमची कशावरून?"

"तुमची आहे का?"

"नाही."

"मॅकलीशसाहेबांची?"

"नाही."

"मग राहिलं कोण," म्हातारा म्हणाला आणि त्याने पाइप पेटवला. "हे बघा, ही बेटं नॉर्वेची होती. शेकडो वर्षं. आमचे सरदार इथून जहाजं घेऊन खाली स्कॉटलंडात उतरायचे, तिथल्या गादीवर कोण बसणार यात नाक खुपसायचे. तिथला एक राजा इतका वैतागला की त्याने आमच्या सरदाराला आपली मुलगीच देऊन टाकली. तिकडे पश्चिमेची बेटं त्यांनी नॉर्वेकडून घेतली, तर त्यांच्यापायी वर्षाला ठरलेली रक्कम नॉर्वेला पोचवायची होती. ती पोचवता पोचवता हळूहळू विसरले. आता स्कॉटलंडवाले सांगतात की त्यांचं राज्य त्यांनी तलवारीने बांधलं. बांधलं असेल. पण उत्तरेकडची भिंत कुठे घालायची ते आमच्याकडे बघत बघत ठरवलं."

"आणि ही बेटं? ही कशी गेली त्यांच्याकडे?"

"लग्नात. सन चौदाशे अडुसष्ट. आमच्या राजाने मुलगी त्यांच्या राजाला दिली. हुंडा ठरला मोठा, आणि हाती काही जमेना. म्हणून ही बेटं तारण ठेवली. पैसे जमले की सोडवून नेऊ, असं ठरलं."

"मग?"

"वाट बघतोय."

"पाचशे वर्षं होऊन गेली."

"आम्हाला घाई नाही," म्हातारा म्हणाला. चेहरा तोच, मयताचा. "स्कॉटलंडच्या राजाला वाटलं, आम्ही त्याचे झालो. आम्हाला वाटलं, तो आमचा व्याही झाला. व्याह्याला मान द्यावा, पंगतीत पहिला बसवावा. घरातली कपाटं उघडू देऊ नयेत."

त्याने इंग्रजीत शब्द कोणता वापरला ते आता आठवत नाही, पण माझ्या कानांनी ऐकला तो व्याहीच. गोष्ट मला फार आवडली. चूक मात्र सापडली नाही. म्हातारा मला तीच दाखवत होता हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

संध्याकाळी घरी आलो तर आई फरशीवर बसून शिंपले निवडत होती.

"गावली चूक?"

"नाय."

"नीट मोजलंस मा?"

"तीनदा मोजलंय."

"मगे तेकाच इचार."

"इचारलंय. तो सांगणा नाय."

"सांगणा नाय म्हणजे तुका आपसून कळाक होयां, असां तेका वाटता," आई म्हणाली. ती शिंपल्यांचे दोन ढीग करत होती, एक इकडे टाकला की एक तिकडे.

"ह्ये दोन वाटे कसले?"

"एक आपलो, एक शिगरबाबाचो." सिगर्डचं तिने पहिल्याच आठवड्यात शिगरबाबा करून टाकलं होतं.

"तेचो कित्याक?"

"तेच्या दारातलो दर्या. वाटो नको काढूक? रोज तेच्या गडग्यार ठेवन येतंय."

"रोज?"

"इल्यापासून. तुका काय खबर, तू नकाशे काढतंस."

कंपनीच्या नियमांच्या पुस्तकात एक पान नुसतं याच विषयावर होतं, की जमीनमालकाला कसलीही भेटवस्तू द्यायची नाही. आणि माझी आई अडीच महिने ज्याच्या सहीसाठी मी धडपडत होतो त्याच्या दारात मासळी पोचवत होती.

"आये, तेका वाटात मी सहीसाठी लाच देतंय."

"शिंपल्यांची?"

"आणि दर्या तेचो नायच. भरतीचां पाणी जंय लागता, थंयसर तेची जमीन संपली. तेच्या खालचो किनारो राजाचो. गादीर आता राणी आसा, पण ह्या देशातलो कायदो राजाचोच म्हणता. शिंपले होये तितके काढ, पण कोणाक काय देवची गरज नाय."

"राजाचो?" आईने मान वर केली. "राजा येता हयसर सुकतीक?" सुकती म्हणजे आमच्याकडे ओहोटी.

"येणा नाय."

"मगे तेचो कसो?"

"आये, माका कायदो शिकवू नको. उद्यापासून वाटो बंद."

"बरां सायबा," आई म्हणाली. मी मूर्खपणा करतो आहे अशी खात्री पटली की तेवढ्यापुरती ती मला साहेब म्हणत असे.

गुरुवारी सकाळी मी ड्रीव्हरकडे गेलो. मनात पक्कं केलं होतं की आधी गैरसमज दूर करायचा, मग सहीचं बघायचं. दार नेहमीसारखं उघडं होतं आणि चुलीवर किटली ठेवलेली होती.

"मला आईबद्दल बोलायचंय," मी म्हटलं. "तिने जे शिंपले ठेवले, ते सहीसाठी नव्हते. ती साधी बाई आहे. तिला वाटलं, समोरचा किनारा तुमचा आहे आणि तिथून काही घेतलं तर तुमचा वाटा द्यायला हवा. मी तिला समजावून सांगितलंय. किनारा राजाचा आहे, तुम्हाला काही द्यायची जरूर नाही. यापुढे तुम्हाला तो त्रास होणार नाही."

म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवला.

"तुम्ही त्यांना असं सांगितलंत?"

"हो."

"किनारा राजाचा आहे म्हणून?"

"कायद्याने तसंच आहे."

त्याने किटली चुलीवरून उतरवून बाजूला ठेवली. मग दारापर्यंत आला, मला वाटलं पोचवायला. मी पायरी उतरलो आणि मागे दार लागलं. अडीच महिन्यांत ते दार मी लागलेलं पाहिलं नव्हतं.

दुपारी मॅकलीशचा फोन आला. "सही?"

"संध्याकाळपर्यंत होईल."

"छान. तोपर्यंत मी लंडनच्या विमानांची वेळापत्रकं मागवून ठेवतो," ते अगदी मायेने म्हणाले.

मी फोन ठेवला आणि आईला सगळं सांगितलं. म्हातारा काय म्हणाला, मी काय म्हणालो, किटली कशी उतरवली, सगळं. ती कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवून तिने पदराला हात पुसले. मला वाटलं आता थट्टा करेल, पण ती थट्टेच्या मूडमध्ये नव्हती.

"तेच्या घरात जावन सांगलंस, ह्यां घर तुझां नाय," ती म्हणाली. "आणि वर सही मागतंस."

"मी घराबद्दल खंय बोललंय? मी किनाऱ्याबद्दल—"

"गाबताचो झील तू. घर खंय संपता आणि दर्या खंय लागता, ह्यां तुका मशीन लावन बघूचा लागता?" तिने गमबूट ओढले. "सुकती लागली. चल. तो नकाशो घी."

ड्रीव्हरच्या फाटकापाशी आईने बादली खाली ठेवली आणि हाक मारली, "शिगरबाबा, चल रे. सुकती इली."

दार उघडलं नाही. आई गडग्यावर बसली. तिचा एकूण थाट असा होता की सप्टेंबरची ओहोटी येईपर्यंत बसायलाही तिची हरकत नव्हती. मी घड्याळ बघत होतो. चार वाजून दहा मिनिटं झाली होती, पाच वाजता पाणी सगळ्यात खाली जाणार होतं आणि सहा वाजता मॅकलीश घरी जाणार होते.

बऱ्याच वेळाने म्हातारा बाहेर आला, डोक्यावर टोपी आणि हातात काठी. आईसमोर त्याने टोपी काढली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

दोघं वाळूवर उतरले, समुद्राकडे पाठ केली आणि उलटे चालू लागले. मी नकाशाची गुंडाळी काखोटीला मारून त्यांच्यामागे, म्हणजे खरं तर त्यांच्यापुढे. दोन म्हातारी माणसं माझ्याकडे तोंड करून माझ्यापासून लांब लांब जात होती आणि मी सरळ चालत त्यांच्या मागून जात होतो. वाळलेल्या शेवाळाची एक लांबलचक पट्टी आली, भरतीचं पाणी येऊन थांबतं ती. म्हातारा तिथे उभा राहिला आणि सकाळनंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलला.

"तुमच्या नकाशातली लाल रेघ इथे आहे, नाही का?"

"हो."

"हिच्या अलीकडे काय लिहिलंय, शेताच्या बाजूला?"

"सिगर्ड ड्रीव्हर."

"आणि पलीकडे?"

"राजसत्ता."

"म्हणजे आता मिसेस गिरकर आणि मी राजाच्या घरात शिरतो आहोत. तुम्ही साक्षीदार राहा."

आणि ते दोघं रेघ ओलांडून उलटे उलटे पुढे गेले. आईने तीन शिंपले काढले, म्हाताऱ्याने चार. प्रत्येक वेळी आई बादलीत एक उजवीकडे, एक डावीकडे टाकत होती. पाणी मागे सरकत होतं आणि ते त्याच्याबरोबर. मी सवयीने पावलं मोजत होतो. एकशे चाळीसच्या पुढे पाणी थबकलं. लाट येत होती आणि तिथेच विरत होती.

आई थांबली. तिने बुटाच्या टाचेने वाळूवर एक आडवी रेघ ओढली.

"हयसरसून मागे शिगरबाबाचां," ती मला म्हणाली. "हेच्या फुडे दर्याचां. आता काढ तुझो नकाशो."

"काय म्हणाल्या?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी भाषांतर करून सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला, कारण सांगत असतानाच मला ते कळत होतं.

म्हाताऱ्याने काठी आईच्या रेघेवर वाळूत रोवली. "कुठल्या नकाशात वाचलं त्यांनी हे?"

"तिला वाचता येत नाही."

"म्हणजे तुमचा नकाशा त्यांनी वाचला नाही. बरं झालं." मग तो माझ्याकडे वळला. "सगळ्या स्कॉटलंडात जमीन भरतीच्या रेषेला संपते आणि खालचा किनारा राजाचा. बरोबर आहे तुमचं. पण इथे नॉर्वेच्या लोकांचा कायदा होता, यूडल म्हणतात त्याला. त्यात कागद लागत नाही आणि जमीन गवताशी संपत नाही. मोठ्यातल्या मोठ्या ओहोटीला पाणी जिथवर मागे जाईल तिथवर ती घराचीच. बेटं लग्नात गेली, कायदा माहेरचाच राहिला. राजाच्या वकिलांनाही शेवटी ते मान्य करावं लागलं. राजाला हा किनारा कोणी दिलेलाच नाही, मग त्याचा होईल कसा? तुमच्या कागदात लिहिलंय की केबल राजाच्या किनाऱ्यावरून येते आणि लाल रेघेपाशी माझ्या जमिनीत शिरते. त्याखाली मी सही केली असती म्हणजे एवढं सगळं माझ्या हाताने त्याला देऊन टाकलं असतं. माझ्या आधीच्या वीस पिढ्यांनी केलं नाही ते."

"पण तुम्ही हे मला मंगळवारीच सांगायला हवं होतं."

"बोटीचा धक्का बांधायच्या वेळी आलेल्या सर्व्हेअरला सांगितलं होतं. टेलिफोनवाल्यालाही सांगितलं होतं. दोघांनी मान डोलावली आणि लाल रेघ तिथेच ठेवली. मी दोघांनाही सही दिली नाही, त्यांनी शेजारच्यांकडून काम भागवलं. तुमच्याकडून मला आशा होती. म्हटलं, ज्याची आई पहिल्या दिवसापासून माझ्या गडग्यावर वाटा ठेवते, त्याला हे माहीत असणार. नकाशात चुकून राहिलं असेल, आपण होऊन दुरुस्त करील." त्याने काठी वाळूतून उपसली. "आणि आज सकाळी तुम्ही येऊन सांगितलंत की तिचीच चूक दुरुस्त केली."

मला इतकी शरम वाटली की मी आईकडेच बघू शकलो नाही, मग त्याच्याकडे कुठला बघणार.

त्याच्या स्वयंपाकघरात टेबलावर बसून मी लाल रेघ खोडली. नवी काढली, एकशे चाळीस पावलं पुढे.

"उद्या पाणी आणखी चार पावलं मागे जाईल," म्हातारा माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला. "तीही माझीच. लिहा."

मी लिहिलं, मोठ्यातल्या मोठ्या ओहोटीच्या रेषेपर्यंत. जुन्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे, दोन्हीकडे सिगर्ड ड्रीव्हर. त्याने ते दोनदा वाचलं, खिडकीपाशी नेऊन तिसऱ्यांदा वाचलं आणि सही केली. पेन परत देताना त्याने मला सांगितलं की ते फार स्वस्तातलं आहे. आईने त्याचा वाटा एका परातीत काढून दिला. किटली पुन्हा चुलीवर चढली, पण मला थांबायला वेळ नव्हता.

बेटावरच्या दुकानात फॅक्सचं यंत्र होतं. पावणेसहाला नकाशा एडिंबराला पोचला आणि सहाला पाच मिनिटं असताना घरी फोन वाजला. आई माझ्या शेजारीच बसली होती.

"गिरकर," मॅकलीश म्हणाले, "आत्ताच आमच्या वकिलांना दाखवला. ते डोकं धरून बसलेत. जुन्या कागदावर उद्या केबल ओढली असती तर म्हाताऱ्याने आपल्याला कोर्टात खेचलं असतं आणि तो जिंकला असता. तुम्हाला हे कुठे सापडलं?"

मला सांगता आलं असतं. आईने वाळूवर टाचेने रेघ काढली, एवढंच वाक्य होतं. पण त्या वाक्यात गमबूट होते, लुगडं होतं, बादली होती.

"वाचलं," मी म्हटलं. "जुने नॉर्स कायदे मी थोडे चाळले होते."

"शाबास. तुम्ही कायम," मॅकलीश म्हणाले.

त्याच कायम नोकरीत मी पुढे एकोणतीस वर्षं काढली. वर चढत गेलो. नव्या सर्व्हेअरांना शिकवायची वेळ आली की हा किस्सा मी हमखास सांगायचो: एका तरुण सर्व्हेअरने अभ्यासाच्या जोरावर पाचशे वर्षांपूर्वीचा कायदा कसा हुडकून काढला. लोक वहीत टिपून घेत. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. जिवंत होती तोवर तोंडवळीत ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची की विलायतेतल्या मोठ्या कचेरीत तिचं नाव ठाऊक आहे. मी सुट्टीवर गेलो की लोक माझ्याकडे बघून खात्री करून घेत आणि मी मान डोलवत असे.

ते तिला मीच सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मी फोन ठेवला, तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हणालो सायब?"

"खूश झालो. नोकरी कायम झाली."

तिने डोळे मिटून हात जोडले. मग एक डोळा उघडला. "रेघ कोणी काढली, तां सांगलंस?"

"सांगलंय."

"माझां नाव घेवन?"

"होय."

तिने पदर सारखा केला, जणू मॅकलीश दारातच उभे होते.

"भागीरथी म्हणाक जमलां तेका?"

"जमलां," मी म्हटलं. "पयल्याच खेपेक."